चौथ्या दिवशीचा पक्षी

नोव्हेंबरच्या शेवटच्या मंगळवारी आमच्या क्वायरच्या तालमीत पियानो मध्येच थांबला. गाणं होतं 'द ट्वेल्व्ह डेज ऑफ ख्रिसमस'. त्यात प्रियकर बारा दिवस रोज एक नवी भेट पाठवतो, आणि दर कडव्यात मागच्या सगळ्या भेटी परत म्हणायच्या. चौथा दिवस आला, सगळ्यांनी 'फोर कॉलिंग बर्ड्‌स' म्हटलं आणि माझ्या डाव्या कानाशी एक आवाज स्वच्छ म्हणाला, 'फोर कॉली बर्ड्‌स'.

आमच्या संचालिकाबाईंचा कान फार तयार आहे. त्यांनी हात वर केला, पियानो थांबवला आणि म्हणाल्या, "कागदावर आहे तेच म्हणू या, हं." आवाज चढवला नाही, नाव घेतलं नाही. पण चाळीस माणसं होती आणि सगळ्यांना कळलं की हे कुणासाठी होतं. माझ्या शेजारच्या बाईंनी कागद मांडीवर पालथा ठेवला. पुढचे आठही दिवस त्या गायल्या, कागदाकडे न बघता. चौथा दिवस परत परत येतो या गाण्यात. दर वेळी तिथं त्या ओठ मिटून घ्यायच्या.

मी त्यांना मनातल्या मनात मावशी म्हणते. त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत, मूळच्या सॉमरसेटच्या, इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या. लग्न करून इथं यॉर्कशायरला आल्या त्याला साठ वर्षं झाली. मी साताऱ्याकडची, इथं येऊन बावीस वर्षं झाली, फार्मसीत काम करते. आम्ही दोघी आल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या पट्टीत, गातो आणि एकाच गल्लीत राहतो, त्यामुळे तालमीनंतर घरी बरोबरच जातो. त्या रात्री फुटपाथवर बर्फाचा पातळ थर होता. त्यांनी माझा दंड धरलेला. अर्धा रस्ता गप्प गेला. मग मीच विचारलं, "कॉली म्हणजे काय हो?"

"काळा," त्या म्हणाल्या. "कोळशासारखा. कॉली बर्ड म्हणजे ब्लॅकबर्ड. आमच्याकडे अंगणात आला की आई म्हणायची, कॉली आला बघ. दुसरं काय असणार? कॉलिंग बर्ड म्हणजे कुठला पक्षी? सगळेच पक्षी हाका मारतात."

हा प्रश्न मला आवडला. मी बावीस वर्षं ते गाणं दुकानांत, लिफ्टमध्ये, मुलीच्या शाळेच्या कार्यक्रमांत ऐकलं, स्वतः म्हटलं, आणि हाका मारणारे चार पक्षी कुठले, असं कधी माझ्या मनात आलं नाही. पहिल्या दिवशीचा पेअरच्या झाडावरचा तित्तर कळतो, दुसऱ्याचा होला कळतो, तिसऱ्याची फ्रेंच कोंबडी कळते. चौथ्या दिवशी एकदम बिननावाचे पक्षी का यावेत?

कोळशाच्या धुळीला, काजळीला इंग्रजीत 'कॉली' म्हणायचे. कोळसेवाला तो कॉलियर, खाण ती कॉलियरी. शब्द एकाच घरातले. शेक्सपिअरच्या 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये काळ्याकुट्ट रात्रीला 'कॉलीड' रात्र म्हटलंय. पक्षी म्हणाल तर आपल्याकडचा कस्तूर डोळ्यांसमोर आणा. इथला नर अगदी काळा, चोच पिवळीधमक, डोळ्याभोवती तशीच पिवळी कड. माझ्या मागच्या अंगणात एक येतो. मी सफरचंदाच्या साली टाकते, तर तो आधी शेजारच्या भिंतीवर बसून शेपटी वरखाली करतो, मग उतरून सालीची आतली बाजू तेवढी टोचून खातो. फेब्रुवारीत अजून अंधार असतानाच गायला लागतो. त्याला कॉली म्हणायचं हे कळल्यापासून मला तो आधीपेक्षा जास्त ओळखीचा वाटतो.

नंतर मी वाचत सुटले. ग्रंथालयातून पुस्तकं आणली, रात्री जेवणाच्या टेबलावर पसरली. यातलं सगळं लिहीत बसत नाही, पण काही गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

हे गाणं छापलेलं सापडतं ते साधारण १७८० च्या सुमारास लंडनला निघालेल्या 'मर्थ विदाउट मिस्चिफ' नावाच्या मुलांच्या छोट्या पुस्तकात. किंग पेपिनच्या बॉलमध्ये, म्हणजे नाचाच्या समारंभात, गायलेलं, असं वर लिहिलंय. तिथं ते कॅरोल, म्हणजे ख्रिसमसचं भक्तिगीत, म्हणून नाहीच. मुळात तो खेळ होता, आठवणीचा. एकानं पहिला दिवस म्हणायचा, दुसऱ्यानं पहिला आणि दुसरा, तिसऱ्यानं तिन्ही, आणि ज्याचा एखादा नग सुटेल त्यानं दंड भरायचा. गोष्टीतल्या शेपटीसारखं वाढत जाणारं गाणं. अ‍ॅलिस गॉम नावाच्या बाईंनी १८९० च्या दशकात इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडमधल्या पारंपरिक खेळांचा मोठा कोश केला. त्यात हा खेळ आहे. ख्रिसमसच्या बाराव्या रात्री, मिन्स पाय आणि खास त्या रात्रीचा केक खाण्याआधी घरातली थोरामोठी, पाहुणे, मुलं सगळी मिळून तो खेळायची. २५ डिसेंबरपासून बारा दिवस मोजले की ती रात्र जानेवारीच्या पाच तारखेला येते.

त्या १७८० च्या पुस्तकात चौथा पक्षी काय आहे? कॉली. मावशींचाच.

मग पुढची शंभर वर्षं हा एक शब्द गावोगाव कसा फिरला ते बघण्यासारखं आहे. ज्यांच्या बोलीत कॉली हा शब्द नव्हता त्यांनी तो आपल्या परीनं समजून घेतला. कुठं 'कलर्ड बर्ड्‌स' झाले, रंगीत पक्षी. कुठं 'कर्ली', कुठं 'कॉर्ली'. कुठं सरळ कॅनरी, पिंजऱ्यातला पिवळा. काळ्याचा पिवळा झाला की हो! आणि १९०९ साली फ्रेडरिक ऑस्टिन या गायकानं हे गाणं साथीसकट बसवून लंडनच्या नोव्हेलो प्रकाशनाकडून छापलं, त्यात तो 'कॉलिंग' झाला. पाचव्या दिवशी 'फाइव्ह गोल्ड रिंग्ज' म्हणताना सगळा क्वायर थांबतो, गोल्डचा स्वर लांबवतो आणि मग पुढं सरकतो ना, तो थांबाही ऑस्टिनचाच. आधीच्या पाठांत पहिलं कडवं 'द फर्स्ट डे ऑफ ख्रिसमस' असं सुरू व्हायचं. त्याला 'ऑन' जोडलं तेही त्यानंच. ऑस्टिन चांगला बॅरिटोन, म्हणजे मधल्या पट्टीत गाणारा गायक, होता, नाटकातला माणूस होता. पुढं १९२० साली त्यानं लंडनच्या हॅमरस्मिथमधल्या 'द बेगर्स ऑपेरा' या संगीत नाटकाची जुनी गाणी नव्यानं बसवली आणि त्या खेळाचे १,४६३ प्रयोग झाले. लोकांच्या तोंडी काय बसतं हे त्याला नेमकं कळत असणार.

या गाण्याबद्दल ऑस्टिननं स्वतः जे नोंदवलंय ते वाचून मी पुस्तक खाली ठेवलं आणि थोडा वेळ तशीच बसले. त्यानं म्हटलंय की हे गाणं त्याच्या लहानपणी त्याच्या घरात म्हणत असत, ही चाल आणि नेमके हे शब्द त्याला दुसरीकडे कुठं भेटले नाहीत, आणि आठवलं तसं त्यानं लिहून काढलं.

म्हणजे बघा, आमच्या तालमीत 'कागदावर आहे तेच' असं जे म्हटलं गेलं, तो कागद म्हणजे एका घरातली आठवण. त्या घरात जसं म्हणत तसं. मावशींच्या घरात जसं म्हणत तसं मावशी म्हणत होत्या. एक घर छापलं गेलं, एक छापलं गेलं नाही. दोन्हींत फरक आहे तो एवढाच, आणि तेवढ्यावरून चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईनं ओठ मिटून घ्यावेत याचं मला खरंच वाईट वाटलं. अजून वाटतं.

हे इतकं लागायचं कारण माझ्याकडेही आहे. भोंडल्याचं.

मी सातवीत असताना शाळेत नवरात्रात भोंडला होता. पाटावर हत्ती काढलेला, भोवती आम्ही पन्नास-साठ मुली फेर धरून. 'ऐलमा पैलमा' सुरू झालं. पुढं पारव्याची ओळ येते. मी आजीकडून शिकले होते तशी म्हटली, 'पारवळ घुमतं बुरजावरी'. आमच्या बाईंनी फेर थांबवला. "बुरजावरी नाही, पारावरी. पारवा घुमतो पारावरी. नीट पाठ करून येत जा." मुली हसल्या. खिरापत ओळखायच्या वेळी मी मागं उभी राहिले, आणि त्या दिवशी तर माझ्याच डब्यात होती ती, आजीनं केलेल्या साटोऱ्या.

घरी येऊन आजीला सांगितलं. ती शेंगा फोडत होती. तिनं वरही बघितलं नाही. "त्यांच्या गावात पार असंल," म्हणाली. "आमच्या वेशीवर बुरूज होता. पारवळं तिथंच बसायची. मी लहानपणी रोज बघायची की."

मी नंतर ते गाव बघितलंय. वेस पडली आहे, पण एका अंगाला बुरुजाचा खालचा भाग अजून उभा आहे, आणि दगडांच्या फटींत पारवे आहेत.

सेसिल शार्प या संग्राहकाची एक नोंद वाचताना मला आजी आठवली. शार्पनं इंग्लंडची लोकगीतं गोळा करायला सुरुवात केली ती १९०३ साली, मावशींच्याच सॉमरसेटमध्ये, हॅम्ब्रिज नावाच्या गावी, तिथल्या एका माळ्याचं गाणं ऐकून. बारा दिवसांच्या गाण्याचे जे पाठ त्याला मिळाले त्यात एका ठिकाणी पहिल्या दिवसाच्या 'पेअर ट्री'ऐवजी 'जून अ‍ॅपल ट्री' आहे. पेअरचं झाड जाऊन जूनच्या सफरचंदाचं झाड. शार्पला शंका आली की हे मूळचं 'जुनिपर ट्री' असेल. पण गाणाऱ्याला विचारलं तर त्यानं ठामपणे अर्थ सांगितला: ज्या झाडाचं फळ पुढच्या जूनपर्यंत टिकतं ते झाड. त्याला त्याचा शब्द माहीत होता. शार्पनं शंका लिहिली आणि गाणाऱ्यानं दिलेला अर्थही लिहिला, दोन्ही. मला शार्पबद्दल याच एका गोष्टीसाठी आदर वाटतो. त्यानं फेर थांबवला नाही.

आता त्या पेअरच्या झाडाबद्दल. मी रविवारी आईला फोन करते तेव्हा हे सगळं तिला सांगत होते, एकेक भेटवस्तू मराठीत करून. सहाव्या आणि सातव्या दिवशी अडले. सहाव्याला अंडी घालणारे 'गीज', सातव्याला पोहणारे 'स्वॉन्स'. आपण दोघांनाही हंस म्हणून मोकळे होतो. शेवटी पहिल्यांना कलहंस म्हटलं आणि पुढं गेले. पण आईचं लक्ष तिकडे नव्हतंच. ती पहिल्या दिवसावरच थांबली होती.

"तित्तर झाडावर?"

मी म्हटलं, हो, इथल्या अभ्यासकांनाही तोच प्रश्न पडलाय. कारण इंग्लंडचा जो मूळचा करडा तित्तर आहे तो जमिनीवरचा पक्षी. शेतात राहतो, रात्री जमिनीवरच झोपतो. फ्रान्समधून १७७० च्या आसपास तांबड्या पायांचा तित्तर इथं आणून रुजवला, तो मात्र उंचावर चढून बसतो. त्यामुळे काही जण म्हणतात की गाणं फ्रान्समधून आलं. तित्तराला फ्रेंचमध्ये 'पेर्द्री' म्हणतात, जुन्या फ्रेंचमध्ये 'पेर्त्रीझ'. इंग्रजी कानाला ते 'पेअर ट्री'सारखं ऐकू येतं. म्हणजे मुळात झाड नसेलच, पक्ष्याचं नावच दोनदा आलं असेल, एकदा इंग्रजीत आणि एकदा फ्रेंचमध्ये. फ्रान्समध्ये तित्तराचं असंच वाढत जाणारं गाणं खरोखर आहे, फक्त ते ख्रिसमसचं नाही, मे महिन्यातलं आहे. प्रियेला मेच्या पहिल्या दिवशी काय देऊ, असं विचारत जाणारं.

आई सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "ते फ्रान्सचं राहू दे. आपल्याकडचं तित्तर बसतं की झाडावर. दिवसभर बांधानं पळतं, पण दिवस मावळला की बाभळीवर. तुझे आजोबा दाखवायचे. चार-पाच एका फांदीवर, काट्यात, कोल्ह्याला पोचता येऊ नये म्हणून."

मला हे माहीत नव्हतं. सातारा जिल्ह्याच्या कोरड्या पट्ट्यात वाढलेल्या माझ्या आईला त्या ओळीत काहीच खटकलं नसतं. तिचं तित्तर झाडावर बसतंच.

जाता जाता एका गोष्टीचा उल्लेख करते, कारण ती दर डिसेंबरला कुणीतरी सांगतंच. आमच्या क्वायरमध्येही एकांनी चहाच्या वेळी फार तळमळीनं सांगितली. इंग्लंडमध्ये कॅथलिकांवर बंदी होती तेव्हा मुलांना धर्म शिकवायला हे गाणं सांकेतिक म्हणून रचलं, दोन होले म्हणजे बायबलचा जुना आणि नवा करार, चार पक्षी म्हणजे चार शुभवर्तमानं, असं. ऐकायला छान वाटतं. पण हा दावा पुढं आला तो १९७९ साली, ह्यू मॅकेलर या कॅनडातल्या लेखकाकडून, आणि त्याआधीचा कुठलाही पुरावा नाही. शिवाय जुना-नवा करार, चार शुभवर्तमानं हे सगळं अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चचे, लोकही मानतच होते. लपवायचं काय होतं त्यात? मला वाटतं, खेळ म्हणून हे गाणं पुरेसं मोठं आहे. त्याला गुपिताची गरज नाही.

खरी गंमत या वेगवेगळ्या पाठांतच आहे. शेवटच्या काही दिवसांत तर नुसता गोंधळ. कुठं जहाजं येतात, कुठं घंटा वाजतात, कुठं ससे धावतात, कुठं गाढवांची शर्यत लागते. काही ठिकाणी या भेटी प्रियकराकडून येतच नाहीत, आईकडून येतात. आणि उत्तर इंग्लंडमध्ये, म्हणजे आमच्या या भागात, पूर्वी याला 'टेन डेज ऑफ ख्रिसमस' म्हणायचे. दहाच दिवस, दहाच भेटी. हे मी मावशींना सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "साठ वर्षं झाली मला इथं येऊन," म्हणाल्या, "आणि माझे दोन दिवस यांनी खाल्ले ते मला आज कळतंय."

स्कॉटलंडचा पाठ मला सगळ्यांत आवडला. रॉबर्ट चेंबर्स यांनी स्कॉटलंडची लोकप्रिय पद्यं गोळा केली त्यात तो आहे. तिथं प्रियकर नाही, राजा आपल्या राणीला भेटी पाठवतो. पहिल्या दिवशी पोपट. मग तित्तर येतात, टिटव्यांच्या जातीचे पक्षी येतात, करडा कलहंस येतो, तपकिरी बैल येतो आणि एके दिवशी चक्क अरबस्तानचा बबून येतो. प्रत्येक कडव्याच्या शेवटी एक प्रश्न असतो: माझं हे गाणं कोण शिकेल आणि आपल्याबरोबर घेऊन जाईल? ती ओळ मी वहीत मराठीत उतरवून घेतली आणि खाली तारीख घातली.

गेल्या शनिवारी मी मावशींच्या घरी गेले, फोनवर त्यांचं गाणं रेकॉर्ड करायला. माझी मुलगी बरोबर होती. ती सोळा वर्षांची आहे, गणितात रमते. मावशींनी केटल ठेवली, तेवढ्यात तिनं कागदावर हिशोब केला. प्रत्येक दिवशी मागचं सगळं परत मिळतं असं धरलं तर बारा तित्तर, बेचाळीस कलहंस, बेचाळीस हंस, आणि एकूण भेटी ३६४. वर्षात एक कमी. "आणि कॉली?" मावशींनी विचारलं. छत्तीस. "छत्तीस," त्या म्हणाल्या. "बागेत एकही किडा राहणार नाही."

मग त्या गायला बसल्या. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, खिडकीकडे पाठ करून. हाताच्या मुठी टेबलावर ठेवल्या आणि बोटांच्या पेरांवर मोजायला लागल्या, उजव्या मुठीची चार हाडं, डाव्या मुठीची चार, अशी आठ. आठवा दिवस, दूध काढणाऱ्या पोरी, डाव्या करंगळीवर संपला. नवव्याला हाडच नव्हतं. त्या थांबल्या. डोळे मिटले. केटल बंद होऊन गेली होती, घड्याळाचा आवाज येत होता. माझी मुलगी काहीतरी सुचवणार होती, मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. मावशी सातव्या दिवसावर मागं आल्या, हंसांवर, तिथून आठव्यावर, आणि धाव घेऊन चर ओलांडावा तसं एका दमात म्हणाल्या, 'नाइन ड्रमर्स ड्रमिंग'. मग सगळं धडाधड आलं. दहावे पाइपर, म्हणजे पावा वाजवणारे, अकराव्या नाचणाऱ्या बायका, बारावे उड्या मारणारे सरदार.

आमच्या कागदावर हा क्रम उलटासुलटा आहे. ऑस्टिनच्या पाठात नवव्या दिवशी बायका, दहाव्याला सरदार, अकराव्याला पाइपर आणि ढोलवाले अगदी शेवटी. मी घरी येऊन १७८० चा पाठ परत काढून बघितला. ढोल, पाइप, बायका, सरदार. मावशींचा क्रम तिथल्या क्रमाशी जसाच्या तसा जुळतो. मावशींनी ते पुस्तक कधी बघितलेलं नाही. त्यांच्या घरात गाण्यांचं पुस्तकच नव्हतं, त्या सांगतात. होती ती आई, आणि आईची आई.

दंडाचंही मी विचारलं. त्यांच्या घरात ज्याचा नग सुटेल त्यानं अंगावरची एक वस्तू काढून टोपलीत टाकायची. रिबन, मोजा, खिशातला रुमाल. शेवटी ती सोडवून घ्यायला सांगतील ते करायचं. एका वर्षी त्यांच्या वडिलांचा एक बूट गेला आणि तो परत मिळवायला त्यांना अंगणात जाऊन कोंबड्यांना शुभेच्छा देऊन यावं लागलं, एका पायात बूट घालून, चिखलातून. हे सांगताना मावशी वडिलांसारखं लंगडत दारापर्यंत चालून दाखवायला उठल्या. मी हात द्यायला गेले, तर तो झटकला.

संचालिकाबाईंशीही मी बोलले. त्यांचं म्हणणं मला पटतं. चाळीस माणसांना एका ठिकाणी एकच शब्द म्हणावा लागतो, नाहीतर मागच्या रांगेतल्या श्रोत्यांना नुसता आवाजाचा लगदा ऐकू जातो. मी त्यांना मावशींचं रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यांनी ते दोनदा ऐकलं. दुसऱ्या वेळी नवव्या दिवसाच्या त्या थांब्यापाशी त्यांनी फोन कानाला लावला. "कार्यक्रम १४ तारखेला आहे," म्हणाल्या, "आता सगळ्यांचा क्रम बदलणं शक्य नाही. पण चौथ्या दिवसाचं बघू." बघू म्हणजे काय ते मंगळवारी कळेल. 'कॉलिंग' आणि 'कॉली' यात एका अक्षराचाच फरक आहे. 'कॉ' लांबवला की स्वरात बसतं, मी घरी म्हणून बघितलंय.

मावशींकडून निघताना त्यांनी मला दारात थांबवलं. मी त्यांना भोंडल्याची गोष्ट सांगितली होती, फेराची, बाईंची, आजीची.

"तुझा तो पक्षी," त्या म्हणाल्या, "तो कशावर बसायचा म्हणालीस?"

"बुरजावर."

"परत म्हण."

मी परत म्हटलं. त्यांनी कोटाच्या खिशातून क्वायरचा तोच कागद काढला, घडी उलगडून पाठकोरी बाजू वर केली, दाराच्या चौकटीवर टेकवला आणि पेन्सिलीनं, त्यांना जसं ऐकू आलं तसं, त्यांच्या लिपीत लिहून घेतलं.